‘मुक्त’ क्षेत्र : पण कशापासून मुक्त?

गेल्या महिन्यात एक जुने सहकारी घरी आले. पस्तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले आहेत. चहा होण्यापूर्वीच त्यांनी पिशवीतून तीन छापील दरपत्रके काढून समोर ठेवली. मुलगा संगणक अभियंता आहे. त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढावयाची आहे, आणि ती दुबईकडे. कंपन्या काढून देणाऱ्या कोणा मध्यस्थाने संयुक्त अरब अमिरातीतील तीन निरनिराळ्या ‘फ्री झोन’चे, म्हणजे मुक्त क्षेत्रांचे, दर पाठविले होते. प्रत्येक पत्रकावर ठळक अक्षरांत तीच तीन आश्वासने होती : शंभर टक्के मालकी, शून्य टक्के कर, तीन दिवसांत परवाना. सरांनी विचारले, “तुमचे सारे आयुष्य वाणिज्य शिकविण्यात गेले. यांतले कोणते घ्यावे, एवढे सांगा. मला तरी हे मधले सर्वांत स्वस्त दिसते.” आरंभीच्या खर्चासाठी ते आपल्या ग्रॅच्युइटीतील रक्कम देणार होते.

मला उत्तर देता आले नाही. दरपत्रके खोटी होती असे नव्हे. प्रश्नच उलट्या टोकाकडून विचारला गेला होता. घर कोणत्या गावी बांधावयाचे हे न ठरविता दाराच्या कड्या-कोयंड्यांचे भाव विचारीत बसावे, तसे हे झाले. आणि ही चूक एकट्या सरांची नाही. आज महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांत हाच प्रश्न याच स्वरूपात विचारला जात आहे. ज्या घरांनी आजवर नोकरी, बचत आणि भविष्यनिर्वाह निधी यांपलीकडचा व्यवहार सहसा केला नाही, त्या घरांतील मुले आता उद्योगाच्या गोष्टी बोलू लागली आहेत. ही आनंदाची घटना होय. परंतु त्यांच्या पहिल्याच पावलाला वडिलांची आयुष्यभराची पुंजी बांधलेली असते, आणि म्हणूनच या विषयाचा विचार केवळ हिशेबनिसांवर आणि दलालांवर सोपवून चालणार नाही.

नाक्याबाहेरचे आवार

मुक्त क्षेत्र ही कल्पना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. २०१७ साली वस्तू व सेवा कर येईपर्यंत मुंबईच्या वेशीवर जकात नाके होते. समजा, अशा नाक्याच्या अलीकडे एखादे कुंपण घातलेले आवार आहे. तेथे माल उतरवावा, निवडावा, पुन्हा बांधावा आणि शहरात न शिरता परस्पर दुसऱ्या गावी पाठवावा. शहरात माल गेलाच नाही, तेव्हा जकात द्यावयाचे कारण नाही. मात्र त्यातील एखादे खोके नाका ओलांडून शहरात विकावयाचे म्हटले, की जकात आली. मुक्त क्षेत्राचे मूळ तत्त्व एवढेच आहे. त्यातील स्वातंत्र्य कुंपणाच्या आतले असते. वेशीपाशी ते संपते.

दुबईच्या भरभराटीचा पायाच या तत्त्वावर घातला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या किनाऱ्यावरील लिंगा बंदरात जकातीचा जाच वाढला, तेव्हा समोरच्या दुबईच्या शासकांनी आपल्याकडील जकात काढून टाकून तेथील व्यापाऱ्यांना बोलावून घेतले. त्या किनाऱ्याचे मोती मुंबईच्या बाजारात येत, आणि तेथील व्यवहारही रुपयात चालत. आखातासाठी खास छापलेला रुपया तर १९६६ पर्यंत दुबईत चलनात होता. मुंबई आणि दुबई यांचे नाते आजच्या विमानांनी जोडलेले नाही, ते गलबतांनी जोडलेले आहे.

आधुनिक स्वरूपातील मुक्त क्षेत्राचा नमुना मात्र आयर्लंडने घालून दिला. लांब पल्ल्याची विमाने आल्यावर शॅनन विमानतळावर इंधनासाठी थांबण्याची गरज उरेना. तेव्हा विमानतळ ओस पडू नये म्हणून १९५९ मध्ये त्याच्या आवारात करसवलतीचे औद्योगिक क्षेत्र उभारण्यात आले. आपल्याकडे १९६५ मध्ये कांडला येथे आशियातील पहिले म्हणून ओळखले जाणारे निर्यात क्षेत्र निघाले, आणि १९७३ मध्ये मुंबईत अंधेरीला ‘सीप्झ’ आले. दुबईचे जेबेल अली क्षेत्र त्यानंतरचे, १९८५ चे. म्हणजे कल्पनेत आपण मागे नव्हतो. फरक असा, की जेबेल अलीच्या पाठीशी १९७९ मध्ये खुले झालेले प्रचंड बंदर होते, आणि कुंपण घालावयास मोकळे वाळवंट होते. आपल्याकडे २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानंतर रायगड जिल्ह्यात कुंपणाची भाषा निघाली ती भातशेतीवरून, आणि तिचे पर्यवसान २००८ मध्ये शेतकऱ्यांचे मत अजमावण्यात झाले, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

आज अमिरातीत चाळीसहून अधिक मुक्त क्षेत्रे आहेत. काही बंदरांजवळ, काही विमानतळांजवळ, काही संगणक व्यवसायासाठी, काही वृत्त व चित्र माध्यमांसाठी, काही वित्तव्यवहारासाठी. प्रत्येकाचा कारभार स्वतंत्र, नियम स्वतंत्र, दर स्वतंत्र. ग्राहक मिळविण्यासाठी त्यांची आपसांत चुरस आहे, आणि या चुरशीतूनच ती आकर्षक दरपत्रके सरांच्या पिशवीपर्यंत येऊन पोहोचली आहेत.

जुन्या जाहिराती, नवे कायदे

या जाहिरातींत जी तीन आश्वासने असतात त्यांपैकी पहिल्या दोहोंचा अर्थ गेल्या काही वर्षांत पार बदलून गेला आहे. पण जाहिरात बदललेली नाही.

शंभर टक्के मालकीचे आश्वासन घ्या. एके काळी ते खरोखरच मोलाचे होते. मुक्त क्षेत्राबाहेर, म्हणजे ज्याला तेथे मुख्य भूमी म्हणतात त्या भागात, कंपनी काढावयाची तर एक्कावन टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाच्या नावे ठेवावा लागे. परक्या माणसाला आपल्या उद्योगाचा संपूर्ण धनी व्हावयाचे असेल तर मुक्त क्षेत्राखेरीज मार्ग नव्हता. परंतु १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांसाठी ही अट मुख्य भूमीवरही उरलेली नाही. जी गोष्ट आता वेशीच्या दोन्ही बाजूंना मिळते, तिच्यासाठी वेशीच्या आतच राहण्याचे कारण काय?

दुसरे आश्वासन शून्य टक्के कराचे. अमिरातीने २०२२ मध्ये कंपन्यांच्या नफ्यावरील कराचा कायदा केला, आणि १ जून २०२३ रोजी वा त्यानंतर सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांपासून तो लागू झाला. तीन लाख पंचाहत्तर हजार दिरहमपर्यंतच्या नफ्यावर कर नाही. त्यावरील नफ्यावर नऊ टक्के. मुक्त क्षेत्रातील कंपनीला शून्य टक्क्याचा लाभ आजही मिळू शकतो, नाही असे नाही. पण तो केवळ क्षेत्रात नाव नोंदविल्याने मिळत नाही. उत्पन्न कायद्याने ठरविलेल्या पात्र प्रकारांतले असावे लागते : मालाचे उत्पादन, ठराविक क्षेत्रांतून पुनर्विक्रेत्यांना होणारे वितरण, वाहतूक व साठवण, भांडवल धारण करणे, आणि अशीच काही. मुक्त क्षेत्रातील कंपन्यांचा आपसांतील बराचसा व्यवहारही त्यात बसतो. खेरीज क्षेत्रात खरेखुरे कामकाज, पुरेशी माणसे व खर्च दाखवावा लागतो, आणि हिशेबांची तपासणी करून घ्यावी लागते. अपात्र उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या पाच टक्के किंवा पन्नास लाख दिरहम, यांपैकी जे कमी असेल त्यापलीकडे गेले, की पात्रता जाते. आणि ती त्या वर्षापुरती जात नाही, पुढील चार वर्षांसाठीही जाते.

आता सरांच्या मुलाचा व्यवसाय पाहू. पुण्यातील काही आणि युरोपातील एक-दोन कंपन्यांसाठी तो आणि त्याचे मित्र संगणकप्रणाली लिहून देणार. परदेशस्थ ग्राहकासाठी असे सेवाकार्य करणे हे त्या पात्र प्रकारांच्या यादीत नाही. म्हणजे ज्या शून्यासाठी मुक्त क्षेत्र निवडावयाचे, ते शून्य त्यांच्या वाट्याला येतच नाही.

कराचा बाऊ

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. कर द्यावा लागला तरी तो किती, हे कोणी मांडून पाहत नाही. समजा, तिघांनी मेहनत करून वर्षाअखेर पाच लाख दिरहम नफा मिळविला. नव्या उद्योगाला पहिल्या-दुसऱ्या वर्षी एवढा नफा म्हणजे मोठीच मजल. त्यातून तीन लाख पंचाहत्तर हजार वजा केले की एक लाख पंचवीस हजार उरतात. त्यांवर नऊ टक्के म्हणजे ११ हजार २५० दिरहम. एकूण नफ्याच्या सव्वादोन टक्के. शिवाय ज्यांची वर्षाची उलाढाल तीस लाख दिरहमच्या आत आहे अशा लहान कंपन्यांना, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या हिशेबी वर्षांसाठी, हाही कर द्यावा लागू नये अशी सवलत मागता येते. आणि गंमत अशी, की ही सवलत मुख्य भूमीवरील लहान कंपनीला मिळते, शून्य टक्क्याला पात्र ठरलेल्या मुक्त क्षेत्रातील कंपनीला मात्र नाही.

तात्पर्य, लहान नवउद्योगाच्या बाबतीत कराच्या दृष्टीने वेशीच्या अलीकडे व पलीकडे फारसा फरकच उरलेला नाही. ज्या खर्चाने असा उद्योग बुडतो तो कर नव्हे. परवान्याचे दरवर्षीचे नूतनीकरण, व्हिसाचे शुल्क, जागेचे भाडे, हिशेबतपासणी, आणि ग्राहक येईपर्यंतचा घरखर्च हे त्याला बुडवितात. नफाच नसेल तर शून्य टक्के आणि नऊ टक्के यांची बेरीज सारखीच! जो कर अजून लागलेलाच नाही तो वाचविण्यासाठी जो खर्च निश्चित होणार आहे तो डोक्यावर घेणे, याला व्यवहार म्हणता येत नाही.

पहिला प्रश्न : गिऱ्हाईक कोठे उभे आहे?

मग क्षेत्र निवडावे तरी कशाच्या आधारे? माझ्या मते पहिला प्रश्न एकच : तुमचे गिऱ्हाईक वेशीच्या कोणत्या बाजूला उभे आहे?

ते दुबईच्या वस्तीत, म्हणजे मुख्य भूमीवर असेल, तर मुक्त क्षेत्र हा आडवळणाचा रस्ता आहे. मुक्त क्षेत्रातील कंपनीला बाहेरच्या शहरात सरसकट धंदा करता येत नाही. मध्ये वितरक घालावा लागतो किंवा निराळी परवानगी घ्यावी लागते. दुबईने २०२५ मध्ये काही व्यवसायांसाठी ठराविक मुदतीची अशी परवानगी देण्याची सोय केली आहे. पण त्या उत्पन्नाचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात आणि त्यावर नऊ टक्के कर लागतो. म्हणजे वेस ओलांडता येते, पण फुकट नाही. मसाल्याच्या व्यापारात नाव कमावलेले धनंजय दातार यांच्या व्यवसायाचा आरंभ १९८४ मध्ये दुबईतील एका लहानशा दुकानातून झाला, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. त्या दुकानाचे गिऱ्हाईक म्हणजे तेथे नोकरीसाठी राहणारा भारतीय माणूस. दुकान तेथेच हवे जेथे असे गिऱ्हाईक संध्याकाळी पिशवी घेऊन येते. कुंपणाच्या आत तांदूळ-डाळ घेऊन बसण्यात अर्थ नाही.

गिऱ्हाईक आफ्रिकेत, मध्य आशियात वा अन्य आखाती देशांत असेल, आणि माल दुबईच्या बंदरात उतरून पुढे जावयाचा असेल, तर मात्र जेबेल अलीसारख्या क्षेत्राला तोड नाही. नाक्याबाहेरच्या आवाराचे मूळ काम ते हेच. तेथे माल साठवा, फोडा, बांधा, पाठवा. आयात शुल्काचे पैसे अडकून पडत नाहीत. परंतु तोच माल दुबईतच खपवावयाचा असेल तर वेशीवर शुल्क आलेच. बहुतेक मालावर ते पाच टक्के असते. त्यातही भारत आणि अमिराती यांच्यातील व्यापार करार १ मे २०२२ पासून अमलात आल्यामुळे भारतीय बनावटीच्या बऱ्याच मालावर ते शुल्कही लागत नाही. तेव्हा सांगली-रत्नागिरीकडचा माल दुबईच्या दुकानांत पोहोचवू पाहणाऱ्याने मुक्त क्षेत्राच्या भाड्याऐवजी मालाच्या उगमाच्या दाखल्याकडे अधिक लक्ष द्यावे, हे उत्तम.

तिसरा प्रकार केवळ सेवा विकणाऱ्यांचा. त्यांना ना गोदाम लागते, ना बंदर. त्यांनी पाहावयाचे ते शेजारी कोण आहेत आणि भांडण झाले तर न्याय कोण करणार हे. संगणक व्यवसायासाठी दुबई इंटरनेट सिटी शतकाच्या आरंभीच वसविण्यात आली. तेथील शेजार हेच तेथील भांडवल. ज्यांना परदेशी गुंतवणूकदारांचा पैसा उभारावयाचा आहे त्यांच्यासाठी दुबईतील आंतरराष्ट्रीय वित्त केंद्र आणि अबू धाबीतील ग्लोबल मार्केट या दोन क्षेत्रांत स्वतंत्र न्यायालये आहेत, कामकाज इंग्रजीत चालते, आणि इंग्लंडच्या न्यायपरंपरेशी परिचित असलेला गुंतवणूकदार तेथे निर्धास्त असतो. ही क्षेत्रे स्वस्त म्हणून ओळखली जात नाहीत. पण ज्याला त्यांची खरी गरज आहे त्याला ती महाग पडत नाहीत. उलट ज्याला गरज नाही त्याला सर्वांत स्वस्त परवानाही महागच पडतो.

तीन दिवस आणि त्यानंतर

तिसरे आश्वासन तीन दिवसांत परवान्याचे. ते बहुधा खरे असते. पण परवाना म्हणजे कंपनी नव्हे. बँकेत खाते निघाल्याशिवाय कंपनीला श्वास घेता येत नाही, आणि खाते तीन दिवसांत निघतेच असे नाही. अवैध पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कृती दलाने मार्च २०२२ मध्ये अमिरातीला वाढीव देखरेखीच्या यादीत घातले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते नाव निघाले. त्या काळात बँकांना लागलेली कडक चौकशीची सवय काही सुटलेली नाही, आणि सुटू नये हेच बरे. ग्राहक कोण, करार कोठे आहेत, पैसा आला कोठून, प्रत्यक्ष काम कोण व कोठे करतो, हे बँक विचारते. भाड्याच्या सामाईक टेबलावर नोंदलेल्या आणि एकही करार हाती नसलेल्या कंपनीला या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. परवाना भिंतीवर आणि पैसा अधांतरी, अशी अवस्था होते.

दरपत्रकाचे दुसरे पान मागून घ्यावे, असे मी म्हणतो ते याचसाठी. पहिल्या वर्षाचा दर सवलतीचा असतो. दुसऱ्या वर्षाचा किती? एका व्हिसाला जागा किती घ्यावी लागते? तिघांनाही तेथे राहावयाचे झाले तर टेबल चालेल, की खोली घ्यावी लागेल? नफा असो वा नसो, कराच्या खात्यात नाव नोंदवावे लागते आणि विवरण भरावे लागते. नोंदणीस उशीर झाला तर दहा हजार दिरहम दंड आहे. आणि सर्वांत शेवटचा, पण विचारलाच पाहिजे असा प्रश्न : कंपनी बंद करावयाची झाली तर खर्च काय? व्हिसा रद्द करणे, देणी फेडल्याचे दाखले आणणे, करनोंदणी रद्द करून घेणे हे सारे केल्याशिवाय कंपनी मरत नाही. कुलूप लावून निघून आलो म्हणजे सुटलो, ही समजूत चुकीची आहे. दंड मागून येत राहतो. जन्माचा खर्च सांगणारे पुष्कळ भेटतात. श्राद्धाचा खर्च कोणी सांगत नाही.

आपल्या घरची वेस

या सर्व चर्चेत एक वेस आपण विसरतो : आपल्याच देशाची. दुबईत कंपनी काढली म्हणजे भारताचे कायदे संपले असे होत नाही. येथील रहिवाशाला परदेशी कंपनीत पैसा घालावयाचा तर तो रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत, बँकेमार्फतच गेला पाहिजे. ऑगस्ट २०२२ च्या नियमांप्रमाणे अशा गुंतवणुकीची नोंद करावी लागते आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत तिचा अहवाल द्यावा लागतो. “तिकडचे पैसे ओळखीचा माणूस भरील, तुम्ही इकडे त्याच्या भावाला द्या,” असा सल्ला सर्रास दिला जातो. तो साधा सोयीचा मार्ग नसून परकीय चलन कायद्याचा भंग आहे. परदेशातील समभाग आणि खाती प्राप्तिकराच्या विवरणात दाखविणे बंधनकारक आहे. २०१५ च्या कायद्याने ती लपविण्यास दहा लाख रुपयांचा दंड आहे. लहान शिल्लकीला त्यातून सूट आहे, पण तेवढ्यावर विसंबून कोणी उद्योग काढीत नाही.

त्याहून मूलभूत गोष्ट अशी, की भारतात राहणाऱ्या माणसाचे जगभरातील उत्पन्न भारतात करपात्र असते. मुलगा पुण्यात घरी बसून प्रणाली लिहिणार, सर्व निर्णय पुण्यातच घेणार, आणि दुबईच्या कंपनीकडून पगार वा लाभांश घेणार, तर त्यावरील भारतातील कर टळत नाही. किंबहुना काम येथेच होत असेल तर कंपनीच्या नफ्यावरही येथील करखाते हक्क सांगू शकते. म्हणजे दुबईचे शून्य वा नऊ टक्के हा प्रश्नच गौण ठरतो. जो खरोखरच तेथे जाऊन राहणार आहे, तेथे धंदा करणार आहे, त्याच्यासाठी मुक्त क्षेत्र हे साधन आहे. जो येथेच राहणार आहे त्याच्यासाठी ते बहुधा एक महागडे पत्त्याचे पाकीट ठरते.

यावर कोणी म्हणेल, की मराठी माणूस आधीच धंद्याला भितो, त्यात तुम्ही त्याला आणखी भिववीत आहात. हा आक्षेप मला मान्य नाही. भीती अज्ञानातून येते, आणि आंधळे धाडसही अज्ञानातूनच येते. दोहोंवर औषध एकच. गुजराती वा सिंधी व्यापारी घरांत मुलाला मिसरूड फुटण्यापूर्वी जे कानावर पडते ते आपल्या घरांत पडत नाही, हे खरे आहे. ती उणीव जाहिरातींनी भरून काढू नये. ती शिक्षणाने भरून काढावी. आपल्या वाणिज्य महाविद्यालयांत निर्यात-आयातीचे सिद्धांत शिकविले जातात, पण परदेशात कंपनी काढणाऱ्याने रिझर्व्ह बँकेचा कोणता नमुना भरावा हे सहसा शिकविले जात नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांतून नवउद्योगांची केंद्रे निघाली आहेत. तेथे वर्षातून दोन दिवस एखादा अनुभवी हिशेबतपासनीस बोलावून या दोन वेशींची माहिती दिली, तर किती तरी ग्रॅच्युइट्या वाचतील. जो मध्यस्थ परवान्यामागे दलाली घेतो त्याच्याकडून निःपक्षपाती सल्ल्याची अपेक्षा करणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. तो विक्रेता आहे. सल्लागार आपल्याला स्वतंत्रपणे शोधावा लागेल आणि त्याची फी द्यावी लागेल. वकिलाची व डॉक्टरची फी आपण देतो, तशीच ही.

सरांना मी शेवटी एवढेच सांगितले, की ती तिन्ही दरपत्रके बाजूला ठेवा आणि मुलाला एका कोऱ्या कागदावर चार गोष्टी लिहावयास सांगा : पहिली तीन गिऱ्हाइके कोण, ती कोठे राहतात, काम कोण कोठे बसून करणार, आणि पहिले बिल कोणत्या चलनात निघणार. आठवड्याने ते पुन्हा आले. कागदावर गिऱ्हाइके दोनच होती, आणि दोन्ही पुण्यातली. मुलगा थोडा हिरमुसला होता म्हणे; पण त्या रात्री तिघे मित्र प्रथमच परवान्याऐवजी गिऱ्हाइकांबद्दल बोलत बसले होते. त्यांनी तूर्त येथेच भागीदारीने आरंभ करावयाचे ठरविले आहे. आखातातील एखादे गिऱ्हाईक मिळाले की दुबईचा विचार पुन्हा करावयाचा, आणि तोही गिऱ्हाईक पाहून.

उद्या ते जातीलही, आणि अवश्य जावे. त्या दिवशी कोणते मुक्त क्षेत्र निवडावे हे त्यांना कोणाला विचारावे लागणार नाही. त्यांचे गिऱ्हाईकच ते सांगेल. तोवर सरांची ग्रॅच्युइटी बँकेत आहे.